संगणक-ध्वनीतील घरघर

संगणकातून ऐकू येणाऱ्या किंवा त्यावर मुद्रित होणाऱ्या आवाजात शिरणारा विजेचा उपरा आवाज. मुंबईत राहत्या खोलीतच डबिंग किंवा पॉडकास्ट करणारे याला सरसकट ‘हम (इंग्रजी hum, म्हणजे घरघर) येतोय’ म्हणतात. पण या आवाजाच्या जाती वेगळ्या आहेत आणि कान देऊन ऐकले तर कारण निम्मे कळते. सलग, खालच्या पट्टीतली घरघर वीजपुरवठ्याची : आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची, म्हणून घरघर 50 आणि त्याच्या पटींत, म्हणजे 100, 150 हर्ट्झची. माऊस हलवला की बदलणारी बारीक चिरचिर संगणकाच्या आतल्या मंडलांची (सर्किटांची). जॅक फिरवल्यावर होणारी खरखर सैल किंवा गंजलेल्या जोडाची. दमट, खाऱ्या हवेत ती लवकर सुरू होते.

घरघरीचे नेहमीचे कारण म्हणजे ग्राउंड लूप. संगणक एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर. दोघांनाही अर्थिंग असते आणि ध्वनीच्या वायरीतूनही दोघांचे ग्राउंड जोडलेले असते, म्हणजे एक बंद वेढा तयार होतो. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये किंचित जरी विद्युत्-दाबाचा फरक असला तरी वेढ्यातून प्रवाह वाहतो. साध्या 3.5 मिलिमीटर जॅकच्या वायरीत ध्वनी परत नेणारी तार आणि ग्राउंड एकच असल्याने तो प्रवाह थेट आवाजात उतरतो. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेणे हा पहिला उपाय, आणि त्याला खर्च नाही.

जुन्या चाळी-इमारतींत भानगड वेगळी. सॉकेटला तिसरे भोक असते, पण मागे अर्थिंगची तारच नसते. अशा ठिकाणी लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला बोट लावताच घरघर थांबते, कधी हलकी झिणझिणही जाणवते. चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर दोष विजेच्या बाजूला आहे असे समजावे. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो जिवावर बेतणारा आहे. तसे करण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, किंवा ध्वनीच्या वायरीच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडचे ग्राउंड वेगळे ठेवून फक्त ध्वनी पुढे नेणारी डबी, लावावा. मात्र स्वस्त आयसोलेटरमध्ये खालचे स्वर पातळ होतात.

पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्यातला ट्रायॅक (वीज झटपट चालू-बंद करणारा भाग) विजेच्या प्रत्येक लहरीचा तुकडा कापतो आणि त्यातून करकरीत ‘बझ’ येतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवला की तो बहुतेक विरतो (मुद्रणासाठी पंखा बंदच करावा लागतो, ही गोष्ट निराळी).

चिरचिरीवर बाहेरचे यूएसबी साउंड कार्ड उपयोगी पडते, कारण ध्वनीचे मंडल संगणकाच्या पेटीबाहेर येते. यूएसबीच्या पुरवठ्यातूनच चिरचिर येत असेल, तर मात्र ती तिथेही पोचते. लांब वायरींसाठी बॅलन्स्ड जोडणी हवी. तिच्यात ध्वनी दोन तारांतून उलट-सुलट जातो, उपरा आवाज मात्र दोन्हींत सारखाच शिरतो आणि पलीकडे वजाबाकीत गळून पडतो. साध्या वायरीवरही संगणकाचा आवाज मोठा आणि स्पीकरचा लहान ठेवला, तर वायरीत शिरलेली घरघर कमी वाढते. बॅलन्स्ड वायरी आणि फेराइटची कडी (वायरीवर बसवून उपरा आवाज अडवणारी) ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर मिळतात.

मुद्रित झालेली घरघर सॉफ्टवेअरने काढता येते. त्यासाठी सुरुवातीला काही सेकंद न बोलता मुद्रण करून ठेवतात, म्हणजे नुसती घरघर कशी आहे ते सॉफ्टवेअरला कळते. पण सफाई जास्त झाली, की ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात.