मांजराचे दात आणि रोजचा अर्धा मिनिट

मांजराचे दात आपल्याला दिसतात ते फक्त त्यानं जांभई दिली की. एरवी तोंड मिटलेलं, आणि दाढ ठणकत असली तरी मिटलेलंच. दुखणं लपवण्यात मांजर पटाईत असतं. ते ओरडत नाही, खाणंही सहसा सोडत नाही. फक्त खाण्याची पद्धत बदलतं.

आमच्या मांजरीनं एकदा वाडग्यातला दाणा उचलला, मान तिरकी केली, आणि दाणा खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. वाडगा रिकामा होत होता, म्हणून मी कामाच्या गडबडीत ते मनावर घेतलं नाही. असे काही आठवडे गेले. नंतर कळलं, की खालच्या सुळ्यामागची पहिलीच दाढ विरघळत चालली होती. भूल देऊन ती काढावी लागली. ते आठवडे तिनं कसे काढले असतील, हा विचार अजूनही मला छळतो.

मोठ्या मांजराला 30 दात असतात. पुढे तांदळाच्या दाण्याएवढे 12, चार सुळे, आणि 14 दाढा. या दाढा दळत नाहीत, कापतात. जबडा जवळपास फक्त वरखाली हलतो आणि वरची मोठी दाढ खालच्या दाढेला घासून कात्रीच्या पात्यासारखी उतरते. आपल्या दाढांवर असतात तसे अन्न अडकून बसणारे खळगे इथे फारसे नसतात. शिवाय मांजराची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे आपल्यासारखी दातांची कीड मांजरांना जवळजवळ लागतच नाही.

पण हीच लाळ दुसरीकडे घात करते. दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा पातळ, चिकट थर बसू लागतो. तो मऊ असतो तोवर बोटाला गुंडाळलेल्या फडक्यानंही निघतो. मात्र अल्कधर्मी लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात लवकर उतरतात आणि दोन-तीन दिवसांत त्याचं किटण होतं. किटण ब्रशला दाद देत नाही. ते खरखरीत असल्यानं नवा थर त्यावर अधिकच घट्ट धरतो. हिरडीची कड लाल होते, सुजते. इथवरचं नुकसान भरून येतं. जिवाणू हिरडीखाली शिरले आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागलं, की ते हाड परत येत नाही.

वेळ नसलेल्यांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट या दोन-तीन दिवसांतच आहे. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास मांजराला धरून दात घासले, तर तोवर आठवड्यातला बराचसा थर टणक झालेला असतो आणि मांजराशी झटापट होते ती वेगळीच. रोजचा अर्धा मिनिट त्याहून कितीतरी जास्त काम करतो. रोज जमत नसेल तर एक दिवसाआड करा. त्याहून अंतर वाढलं तर फायदा झपाट्यानं घटतो.

अर्ध्या मिनिटात काम भागतं, कारण तोंड उघडावंच लागत नाही. मांजराच्या जिभेवर काटे असतात, त्यामुळे दातांची आतली बाजू बऱ्यापैकी साफ राहते. किटण सगळ्यात जास्त चढतं ते वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या बाजूला, कारण लाळेची एक मोठी नळी गालात नेमकी तिथेच उघडते. मांजराला पाठमोरं जवळ घ्या, अंगठ्यानं ओठाचा कोपरा थोडा वर करा, छोटा मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवा आणि दहा-बारा हलके फेरे द्या. मग दुसरी बाजू. मांजर तेवढ्यातच उठून गेलं, तर जाऊ द्या.

पहिल्याच दिवशी ब्रश घेऊन जाऊ नका. काही दिवस नुसता गाल चोळा, मग ओठ उचला, मग पेस्ट चाटू द्या. फडकं आणि ब्रश त्यानंतर. पेस्ट मांजरांसाठीचीच हवी. आपली टूथपेस्ट मांजर थुंकणार नाही, गिळणार, आणि तिच्यातलं फ्लोराइड आणि फेस आणणारी द्रव्यं पोटात जायला नकोत. मांजरांसाठीच्या पेस्टला मांसाची चव असते ती उगाच नाही. मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक त्याच्यात निकामी आहे. वेळ ठरवताना रोजच्या जेवणाचा आधार घ्या: आधी दात, लगेच वाडगा. मांजर वेळेचं पक्कं असतं, चार दिवसांनी तेच आठवण करून द्यायला येतं.

कोरडे दाणे खाल्ले की दात आपोआप साफ होतात, हा समज मीही बरीच वर्षं बाळगला होता. साधा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो, हिरडीजवळ काहीच घासलं जात नाही. दातांसाठी बनवलेले दाणे मोठे आणि तंतुमय असतात, दात त्यांत रुततो. त्यांचा उपयोग होतो, पण ब्रशइतका नाही. असं काही घेताना व्हेटर्नरी ओरल हेल्थ कौन्सिल या प्राण्यांच्या दातांसाठीची उत्पादनं पारखणाऱ्या संस्थेची मोहर आहे का, हे पाहावं.

चढलेलं किटण घरी खरवडू नका. हिरडीखालची सफाई भूल दिल्याशिवाय होत नाही, आणि मुळांची अवस्था एक्स-रेशिवाय कळत नाही. हिरडी आधीच लाल असेल तर डॉक्टरांना दाखवूनच ब्रश सुरू करा. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरला, तर मांजर त्या ब्रशला पुन्हा जवळ येऊ देत नाही.

आमच्या मांजरीची दाढ गेली तो आजार ब्रशनं टळतोच असं नाही. त्यात शरीराच्याच पेशी दात कुरतडतात. असं का होतं, ते विज्ञानाला अजून नीट उलगडलेलं नाही, पण वय वाढलेल्या मांजरांत तो सर्रास आढळतो. रोज ओठ उचलला जात असेल, तर निदान तो लवकर नजरेस पडू शकतो. सुळ्यामागच्या दाढेशी, हिरडीच्या कडेला, एखादा गुलाबी ठिपका दिसतो, जणू हिरडीच दातावर चढली आहे. तिथे ब्रश टेकताच जबडा थरथरला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.