नोंद जागची हलत नाही

लेखा विभागातली एक व्यक्ती बदली होऊन खरेदी विभागात जाते. दुसऱ्या दिवशी तिला सामायिक फोल्डर उघडत नाहीत, मेलच्या गटांमधून ती गायब झालेली असते. पासवर्ड बरोबर असतो, संगणकही नीट चालत असतो. बदललेलं असतं ते तिचं डिरेक्टरीतलं नाव.

मोठ्या संस्थांमध्ये माणसं, गट, यंत्रं यांच्या नोंदी बहुधा एका डिरेक्टरी सर्व्हरवर असतात आणि बाकीच्या प्रणाली त्याला एलडॅप या भाषेत प्रश्न विचारतात. 1988 साली आलेलं एक्स.500 हे डिरेक्टरीचं प्रमाण साध्या संगणकांना पेलत नव्हतं, म्हणून मिशिगन विद्यापीठात एलडॅपचा हलका मार्ग तयार झाला. 1993 मध्ये त्याचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. ही डिरेक्टरी झाडासारखी असते. नोंदीचं पूर्ण नाव म्हणजे तिचा पत्ता: आधी व्यक्ती, मग ती ज्या फांदीवर आहे ती फांदी, मग त्यावरची, असं थेट मुळापर्यंत. फांदी बदलली की पूर्ण नाव बदलतं. गटांच्या यादीत मात्र जुनंच नाव लिहिलेलं राहतं. काही सर्व्हर असे संदर्भ स्वतः दुरुस्त करू शकतात, पण बाहेरच्या एखाद्या प्रणालीने आपल्याकडे टिपून ठेवलेल्या नावापर्यंत त्यांचा हात पोचत नाही.

चूक बदलीची नाही, झाडाच्या आखणीची आहे. संस्थेचा विभागवार तक्ता समोर ठेवून तसंच झाड उभं करण्याचा मोह फार स्वाभाविक आहे. पण विभाग बदलतात, विलीन होतात. शिवाय झाड एकाच निकषावर फांद्या फोडू शकतं. विभागवार मांडलं, की 'या इमारतीतली सगळी माणसं' अशी फांदी त्यात कुठेच सापडत नाही.

यावरचा मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे आभासी व्ह्यू. 389 डिरेक्टरी सर्व्हर या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे (एलडॅपचं ठरलेलं पोर्ट, म्हणजे जोडणीचा क्रमांक, 389; त्यावरूनच त्याचं नाव). सगळ्या माणसांच्या नोंदी एकाच सपाट फांदीखाली ठेवायच्या. विभाग, ठिकाण, पद या गोष्टी नोंदीच्या पत्त्यात गुंफायच्या नाहीत, नोंदीच्या आत गुणधर्म म्हणून लिहायच्या. मग शेजारी दुसरी फांदी काढायची. तिच्यावरची प्रत्येक नोंद दिसायला नेहमीच्या विभागासारखीच असते, फक्त तिला 'एनएसव्ह्यू' हा ऑब्जेक्टक्लास, म्हणजे नोंदीचा प्रकार सांगणारी खूण, जोडायचा आणि 'एनएसव्ह्यूफिल्टर' या गुणधर्मात एक फिल्टर, म्हणजे शोधाची अट, लिहायचा (समजायला सोपं म्हणून इथे गुणधर्मांची नावं मराठीत दिली आहेत; प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांत असतात):

(विभाग=लेखा)

आता या फांदीखाली कुणी शोध घेतला, की सर्व्हर तो फिल्टर लावून खऱ्या नोंदी शोधतो आणि त्याच परत देतो, त्यांच्या मूळ पत्त्यासह. फांदीवर एकही नोंद ठेवलेली नसते. व्ह्यू म्हणजे जपून ठेवलेला प्रश्न. उत्तर दर वेळी नव्याने शोधलं जातं. म्हणून बदलीच्या वेळी एकच गुणधर्म बदलावा लागतो. व्यक्ती एका व्ह्यूतून आपोआप निघून दुसऱ्यात दिसू लागते आणि तिचं नाव जसंच्या तसं राहतं. व्ह्यू पुसून टाकला तरी माणसांच्या नोंदींना धक्का लागत नाही.

एका व्ह्यूखाली दुसरा ठेवला तर दोन्ही अटी एकत्र लागू होतात. 'लेखा'च्या खाली (ठिकाण=मुख्यालय) असा व्ह्यू असेल, तर प्रत्यक्षात प्रश्न होतो:

(&(विभाग=लेखा)(ठिकाण=मुख्यालय))

'आणि' दाखवणारं चिन्ह आधी, अटी मागून. ही एलडॅपची लिहिण्याची रीत. सुरुवातीला उलटी वाटते, पण कितीही अटी एकात एक घातल्या तरी अर्थाचा गोंधळ होत नाही.

व्ह्यू कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. सर्वांत वरचा व्ह्यू ज्या नोंदीखाली आहे, तिच्या पोटातल्याच नोंदी त्याला दिसतात, आणि त्या व्ह्यूच्याच डेटाबेसमध्ये असाव्या लागतात. फिल्टरमधल्या गुणधर्मांची अनुक्रमणिका म्हणजे इंडेक्स आधीच बांधून घ्यावी. नाहीतर सर्व्हरला प्रत्येक शोधासाठी एकेक नोंद उघडून पाहावी लागते.

एक गैरसमज धोक्याचा आहे. व्ह्यू म्हणजे कुलूप नव्हे. व्ह्यूत न दिसणारी नोंद तिच्या मूळ जागी शोधता येतेच, त्यामुळे कुणी काय पाहावं याचे नियम खऱ्या नोंदी जिथे आहेत तिथेच घालावे लागतात.

आणि व्ह्यू आतल्या माहितीइतकाच खरा. कुणाच्या नोंदीत 'लेखा' आणि कुणाच्या 'लेखा विभाग' असं असेल, तर दुसरी व्यक्ती यादीतून निमूटपणे गळते. सर्व्हर चूक झाल्याचा संदेश देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. विभाग मुळात लिहिलेलाच नसेल तरी हेच होतं. म्हणून व्ह्यू उभारण्याआधी माणसांच्या फांदीवर हा एक शोध जरूर घ्यावा:

(!(विभाग=*))

म्हणजे ज्यांच्या नोंदीत विभागच लिहिलेला नाही, अशी सगळी माणसं. त्यांची नोंद पूर्ण केल्याशिवाय ती कुठल्याच विभागाच्या व्ह्यूत दिसणार नाहीत.