टाकी फुटत नाही, वाफ मात्र निसटते

उन्हाळा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच निरोप फिरू लागतो: ‘टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होतो.’ होत नाही. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. बंद टाकीत ती याहून कितीतरी दाट असते, आणि ठिणगीशिवाय पेटायला अडीचशे अंशांहून अधिक तापमान लागते. मडगावचे मे महिन्यातले ऊन तिथवर पोचत नाही. तरीही पंपावर नोझल ‘टक्’ करून थांबल्यावर आणखी पेट्रोल घालायला लावू नये, कारण त्याने कॅनिस्टर, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, बिघडतो.

पेट्रोलमधले हलके घटक पस्तिसेक अंशांनाच उकळू लागतात. ही वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ती कॅनिस्टरमधल्या सक्रिय कोळशाकडे वळवतात. एक ग्रॅम कोळशातल्या सूक्ष्म छिद्रांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात असतो आणि वाफेचे रेणू त्याला चिकटून राहतात. इंजिन चालू असताना कॅनिस्टर आणि इंजिन यांमधला पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिनाच्या ओढीने व्हेंटमधून (कॅनिस्टरच्या बाहेरच्या हवेकडच्या तोंडातून) ताजी हवा कोळशातून जाते आणि वाफ सुटून इंजिनात जळते. टाकी काठोकाठ भरली की वाफेऐवजी पेट्रोलच कोळशात शिरते आणि तो निकामी होतो.

आता या वाफेची गळती. अमेरिकी नियमांनुसार बनलेल्या गाड्या ती स्वतः शोधतात, आणि ही चाचणी मोठी देखणी आहे. गाडीतला संगणक व्हेंट बंद करतो, पर्ज उघडून टाकीत किंचित निर्वात आणतो, मग पर्जही मिटतो आणि दाब किती वेगाने परत चढतो ते पाहतो. अर्धा मिलिमीटर व्यासाचे भोकही यात सापडते. अडचण अशी की टाकीतले पेट्रोल स्वतःच वाफ सोडून दाब वाढवते. गरम टाकीत तर फारच, मग गळती आणि बाष्पीभवन यांतला फरक कळणार कसा? म्हणून चाचणी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच होते. गळती सापडली की संगणक दोषाचा कोड नोंदवतो: पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे सुमारे एक मिलिमीटरची, पी०४५६ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची. भारतातल्या बऱ्याच गाड्यांत ही स्वयंचाचणी नसते. तिथे पेट्रोलचा वास हीच सूचना.

शोध टाकीच्या झाकणापासून सुरू करावा. रबरी रिंगला चीर आहे का पाहावे, रिंग आणि ती टेकते ती कड पुसावी. मग फिलर नळी, जिच्यातून पेट्रोल टाकीत जाते: किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत तिचे तोंड गंजते आणि रिंग नीट बसत नाही. खाणपट्ट्यात तांबडी धूळ व्हेंटच्या फिल्टरमध्ये साचते. तिने गळती होत नाही, पण टाकीचा श्वास अडतो आणि पंपावर नोझल वारंवार बंद पडते. पर्ज व्हॉल्व्ह काढून, वीज न देता, हवा खेचणाऱ्या छोट्या हातपंपाने त्यावर निर्वात लावावा. तो टिकला नाही तर व्हॉल्व्ह उघडा राहतो आहे. असा व्हॉल्व्ह असला की पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास देते.

एवढ्याने सापडले नाही तर स्मोक टेस्ट. व्हेंट बंद करून, शक्यतो नायट्रोजनसोबत, यंत्रातला धूर आत सोडतात. दाब फक्त अर्धा पीएसआय, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. धूर जिथून डोकावतो तिथे टॉर्च मारा. टायर भरायच्या कॉम्प्रेसरची हवा कदापि नको: टाकी फुगते, शिवाय आतली दाट वाफ विरळ होऊन पेटण्याजोगी होते. (त्या निरोपातला स्फोट घडवायचाच असेल तर हा मार्ग आहे.) अगरबत्तीच्या धुराचा जुगाड तर विचारूच नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, बंद गॅरेजात ती जमिनीलगत साचते.

फुटलेली नळी बदलताना पेट्रोलसाठीचीच घ्यावी. पाण्याची नळी काही दिवसांत फुगून सैल होते. तडा गेलेला कॅनिस्टर चिकटवू नये, बदलावा. काम झाल्यावर कोड पुसला म्हणजे चाचणी पार पडली असे नव्हे. टाकी अर्धी ठेवून गाडी रात्रभर उभी करावी आणि सकाळी थंड इंजिनावर फेरी मारावी. बहुतेक गाड्यांत एवढ्यात चाचणी होते, काहींना दोन-तीन सकाळी लागतात.