बडगेची साक्ष आणि ज्ञानकोशातली जागा

गांधीहत्येच्या खटल्यात सरकार पक्षाने १४९ साक्षीदार तपासले. त्यांतले बहुतेक आज फक्त कागदपत्रांत उरलेत. दिगंबर रामचंद्र बडगे मात्र उरला. पुण्यात शस्त्रभांडार चालवणारा हा माणूस आधी आरोपी म्हणून पकडला गेला आणि २१ जून १९४८ रोजी माफीचा साक्षीदार झाला. ज्ञानकोशात त्याची स्वतंत्र नोंद असावी की खटल्याच्या नोंदीतच त्याला जागा द्यावी, असा प्रश्न आहे.

छापील कोशांच्या काळात हा प्रश्न पानांच्या हिशेबात मिटायचा. केतकरांच्या ज्ञानकोशापासून वाईच्या विश्वकोशापर्यंत प्रत्येक खंडाला पाने मोजून मिळत. साक्षीदारासाठी कोण जागा अडवणार? विकिपीडियाला पानांची टंचाई नाही, पण अडचण दुसरीकडून आली. २००५ साली तिथे अमेरिकी पत्रकार जॉन सीगेन्थॅलर यांचा केनेडी हत्येशी संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर महिनोन्‌महिने तसाच राहिला. त्या वर्षअखेरीस हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक धोरण आले. एकाच घटनेपुरते नाव झालेल्या माणसावर शक्यतो वेगळा लेख नको, घटनेवर हवा, हा दंडकही त्याच वळणाचा. त्याला अपवाद म्हणून तिथल्या निकषांत दिलेले उदाहरण साक्षीदाराचेच आहे: केनेडींवर गोळ्या झाडल्या जाताना रस्त्यापलीकडून पाहणारा हॉवर्ड ब्रेनन. घटना तेवढी मोठी असेल तर दुय्यम माणसालाही लेख मिळू शकतो, असा त्याचा अर्थ.

घटनेचा मोठेपणा पाहिला तर बडगे सहज पात्र ठरतो. पण त्याने सांगितलेला १७ जानेवारी १९४८चा प्रसंग बघा. दादरच्या सावरकर सदनात, म्हणजे सावरकरांच्या घरी, बडगे तळमजल्यावर थांबला, खटल्यातले मुख्य आरोपी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे वर गेले. पाच-दहा मिनिटांत दोघे खाली आले, मागोमाग सावरकर आले आणि म्हणाले, "यशस्वी होऊन या." वर काय बोलणे झाले, ते बडगेने ऐकलेले नाही. टॅक्सीवाल्याच्या साक्षीने त्या भागातली फेरी सिद्ध झाली, भेटीचे कारण नाही.

लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाचे न्यायाधीश आत्मा चरण यांनी बडगेला खरे बोलणारा साक्षीदार मानले. तरीही १० फेब्रुवारी १९४९च्या निकालात याच खटल्यात आरोपी असलेले सावरकर निर्दोष सुटले, कारण केवळ माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर त्यांना दोषी धरणे न्यायाधीशांना धोक्याचे वाटले. याचे मूळ जुलै २०२४पर्यंत लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यात आहे. त्यातले कलम १३३ म्हणत असे, गुन्ह्यातल्या साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा ठरत नाही. कलम ११४चे उदाहरण मात्र बजावत असे की महत्त्वाच्या तपशिलांना दुजोरा नसेल तर असा साथीदार विश्वासपात्र नाही, असे न्यायालय गृहीत धरू शकते. दोन्ही कलमे एकाच कायद्यात, आणि बडगे बरोबर त्यांच्या मध्ये सापडला.

सावरकरांच्या सहभागावर आज वाद घालणारे बडगेबद्दल एकतर 'न्यायालयाने त्याला खरा मानले' एवढेच सांगतात, नाहीतर 'माफीचा साक्षीदार, त्याचे काय ऐकायचे' म्हणून मोकळे होतात. दोघेही निकाल अर्धाच वाचतात.

माझ्या मते जागा मिळायला हवी ती साक्षीला. वेगळा लेख काढला तर त्यात शस्त्रभांडार, अटक, माफी एवढेच नवे येईल. बाकी सगळा खटलाच पुन्हा लिहावा लागेल. शिवाय चरित्राच्या साच्यात घातली की साक्ष त्याच्या आयुष्यातली हकिगत बनते, न्यायालयाने तोलून पाहिलेला पुरावा उरत नाही. त्यापेक्षा बडगेचे नाव शोधणाऱ्याला खटल्याच्या लेखातल्या एका भरघोस विभागात पोचवावे. तिथे दादरचा प्रसंग हवा, दोन्ही कलमे हवीत आणि शंकर किस्तय्याही हवा. तो बडगेचा नोकर. मालक माफी मिळवून सुटला, नोकराला जन्मठेप झाली, आणि तो सुटला थेट जून १९४९मध्ये, सिमल्याला भरलेल्या उच्च न्यायालयातल्या अपिलात.