रेसलमेनिया ३

रेसलमेनिया ३ : अमेरिकेतील वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ, आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीने २९ मार्च १९८७ रोजी मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळच्या पाँटिअ‍ॅक शहरातील सिल्व्हरडोम या छताच्या स्टेडियममध्ये भरवलेला प्रो रेसलिंगचा कार्यक्रम. त्यात बारा लढती झाल्या. पैसे भरून घरच्या केबलवर बघायचा, म्हणजेच पे-पर-व्ह्यू कार्यक्रम तेव्हा नवा होता. त्यामुळे बऱ्याच शहरांत लोकांनी तो सभागृहांत तिकीट काढून, क्लोज्ड सर्किटच्या पडद्यावर पाहिला. व्यवसायाच्या दृष्टीने हा कार्यक्रम निर्विवाद यशस्वी ठरला. समीक्षकांचे मत मात्र विचित्र रीतीने दुभंगले. ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ या वार्तापत्राच्या १९८७ च्या वार्षिक कौलात सर्वोत्तम लढत याच कार्यक्रमातली निवडली गेली, आणि सर्वांत वाईट लढतही याच कार्यक्रमातली.

ज्या लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो तिची समीक्षा कशाची करायची, हा प्रश्न मराठी वाचकाला साहजिक पडेल. आपल्याकडे ठरवून खेळलेल्या कुस्तीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि निकाली कुस्तीची सवय असलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हा शब्द शिवीसारखाच ऐकू येतो. प्रो रेसलिंगमध्ये नुरा हाच मूळ करार आहे. तिथे पाहायचे ते डाव किती सफाईने बसले, दोघांनी एकमेकांना इजा न करता मार किती खरा भासवला आणि कथा कशी चढत गेली. या मापाने लढतींना साधारणतः पाचपैकी तारे देण्याची पद्धत ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’चा संपादक डेव्ह मेल्ट्झर याने लोकप्रिय केली. खुद्द कंपनी तेव्हा निकाल खरे असल्याचाच आव आणत असे. हा खेळ नसून करमणूक आहे, हे तिने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे उघड मान्य केले.

मुख्य लढत कंपनीचा तेव्हाचा किताबधारी हल्क होगन आणि अँद्रे द जायंट यांच्यात झाली. तिची मांडणी साधी होती : दोन मित्र, त्यातला एक उलटतो. होगनला तीन वर्षांच्या विजेतेपदाबद्दल मोठा चषक मिळतो, अँद्रेला ‘पंधरा वर्षे अपराजित’ म्हणून लहान चषक. अँद्रे दुखावतो, खलनायकी व्यवस्थापक बॉबी हीनन याच्या कच्छपी लागतो आणि आव्हान देताना होगनच्या गळ्यातला क्रॉस तोडतो. यातले ‘अपराजित’ हे प्रकरण बनावट होते. अँद्रेला आजवर कोणी उचलून आपटलेले नाही, हा दावाही तसाच. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर याच दोघांची लढत झाली होती. तेव्हा होगन खलनायक होता, तो हरला, पण हरण्यापूर्वी त्याने अँद्रेला उचलून आपटले होते. सात वर्षांपूर्वीची ती लढत बहुतेक प्रेक्षकांना ठाऊक नव्हती आणि कंपनीने तिची आठवण करून दिली नाही.

खरी गोष्ट यापेक्षा करुण होती. फ्रान्समध्ये जन्मलेल्या अँद्रेला वाढीच्या संप्रेरकाचा विकार, अ‍ॅक्रोमेगली, होता. जाहिरातीत त्याची उंची ७ फूट ४ इंच आणि वजन ५२० पौंड (सुमारे २३६ किलो) सांगत. १९८६ मध्ये त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि सिल्व्हरडोममध्ये तो पोशाखाखाली पाठीचा पट्टा बांधून उतरला. लढतीच्या आरंभीच होगन त्याला उचलायला जातो आणि त्याच्याखाली चीत दबून, पंचाने तीन आकडे मोजून हार ठरवण्याआधी जेमतेम सुटतो. मग बराच वेळ अस्वलमिठी, जिच्यात दोघेही जवळपास उभेच असतात. बाराव्या मिनिटाच्या सुमारास होगन अँद्रेला उचलतो, आपटतो, लेग ड्रॉप टाकतो (उडी मारून पाय त्याच्यावर आदळतो) आणि जिंकतो. मेल्ट्झरने या लढतीला उणे चार तारे दिले.

त्याच्या मापाने हे गुण बरोबरच आहेत. हालचाल संथ, मधला भाग रिकामा, आणि दोघांपैकी एकाला धड वाकताही येत नव्हते. पण हे माप जवळून पाहणाऱ्यासाठी आहे. सिल्व्हरडोमच्या शेवटच्या रांगेतून रिंग काडेपेटीएवढी दिसत असणार. तिथे बसलेल्याला कळेल अशी एकच हालचाल त्या लढतीत होती आणि ती नेमक्या वेळी झाली. दुखऱ्या पाठीनिशी अँद्रेने ती करू दिली, हे या लढतीतले खरे कसब म्हणायला हवे. तारे देणाऱ्या तक्त्यात त्याचा रकाना नाही. होगनने पुढे हा प्रसंग असंख्य वेळा सांगितला, आणि दर खेपेला अँद्रेचे वजन थोडे वाढत गेले.

दुसरी गाजलेली लढत इंटरकॉन्टिनेंटल या कंपनीच्या दुय्यम किताबासाठी रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांच्यात झाली. सॅव्हेजने आधीच्या एका लढतीत रिंगजवळच्या घंटेने स्टीमबोटचा गळा चेचला होता, ही तिची पार्श्वभूमी. त्या काळी मल्ल शेवट तेवढा ठरवून रिंगमध्ये उतरत आणि मधले डाव एकमेकांच्या कानात सांगत जुळवत. सॅव्हेजला ते पटत नसे. त्याने ही लढत पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत क्रमांक घालून कागदावर लिहिली आणि दोघांनी ती एकमेकांकडून पाठ म्हणून घेतली, असे स्टीमबोटने नंतर सांगितले आहे. साडेचौदा मिनिटांत वारंवार दोन आकड्यांवर सुटका होत राहते. अखेरीस सॅव्हेज पुन्हा घंटा उचलतो, स्टीमबोटच्या बाजूचा मल्ल जॉर्ज स्टील त्याला दोरावरून खाली ढकलतो आणि स्टीमबोट त्याला आवळून चितपट करतो. मेल्ट्झरचे साडेचार तारे आणि ‘प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड’ मासिकाचा वर्षातील सर्वोत्तम लढतीचा मान या लढतीला मिळाला. पुढच्या पिढीतल्या अनेक मल्लांनी हिलाच आदर्श मानले. तिच्याबद्दल तक्रार एकच करता येते : पाठांतर इतके पक्के आहे की पुन्हा पाहताना क्वचित ते ऐकू येते.

उरलेल्या दहा लढतींपैकी बहुतेक छोट्या होत्या. रॉडी पायपरने अ‍ॅड्रियन अ‍ॅडोनिसला हरवून निवृत्ती जाहीर केली, जी टिकली नाही. जेक रॉबर्ट्सच्या कोपऱ्यात गायक अ‍ॅलिस कूपर उभा होता. किंग काँग बंडीने लिटल बीव्हर या बुटक्या मल्लाला आपटले, हा प्रसंग आज बघवत नाही. आरंभी डेट्रॉईटमध्ये वाढलेल्या गायिका अरीथा फ्रँकलिन यांनी ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ गायले. दरवाजा ते रिंग हे अंतर फार असल्याने मल्लांना रिंगच्या आकाराच्या छोट्या गाड्यांतून आणले गेले. लहानशा त्या गाडीत हीननसोबत उभा असलेला अँद्रे आणि भोवतीचा प्रेक्षकांचा समुद्र हे दृश्य अनेकांना लढतींपेक्षा जास्त आठवते.

या समुद्राची मोजदाद हाच सर्वांत चिवट वाद. कंपनीने ९३,१७३ हा आकडा जाहीर केला आणि पुढे तो मंत्रासारखा जपला. मेल्ट्झरच्या मते प्रत्यक्ष गर्दी सुमारे ७८,००० होती. हा आकडा आयोजनात सहभागी असलेल्या झेन ब्रेसलॉफकडून मिळाल्याचे तो सांगतो. याच स्टेडियममध्ये १९८२ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, ८१,२७० प्रेक्षक होते. मैदानावर खुर्च्या मांडल्यामुळे संख्या वाढली असणार, असा कंपनीच्या बाजूचा युक्तिवाद असतो. कमी असलेला आकडाही मल्लांच्या कार्यक्रमासाठी तेव्हा अचाट होता, त्यामुळे फुगवण्याची गरज काय होती हे कळत नाही. पण ज्या धंद्यात वजन-उंचीपासून सगळेच फुगवलेले, तिथे खुर्च्याच तेवढ्या कशा सुटणार?

होगन आणि अँद्रे ५ फेब्रुवारी १९८८ रोजी एनबीसी वाहिनीवर पुन्हा भिडले. ती लढत सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली आणि पंचाच्या लबाडीने अँद्रे जिंकला. स्टीमबोटने आपला किताब १९८७ च्या जूनमध्येच गमावला होता. अँद्रेचे जानेवारी १९९३ मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षी कंपनीने सुरू केलेल्या हॉल ऑफ फेममध्ये पहिले नाव त्याचे लागले. भारतात ही माणसे पोहोचली ती नंतर, नव्वदच्या दशकात, केबल टीव्ही आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत खेळल्या जाणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांतून. सॅव्हेज २०११ मध्ये गेला, होगन २०२५ मध्ये. सिल्व्हरडोम डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंग लावून पाडायचे ठरले. पहिल्या दिवशी स्फोट झाले, धूर निवला आणि सांगाडा जागच्या जागी उभा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग लावावे लागले.