रेल्वेत अप्रेंटिस केली म्हणजे नोकरी पक्की?

‘रेल्वेत एक वर्ष अप्रेंटिस करा, परीक्षा न देता कायम व्हा’ हा मेसेज पुण्यातल्या आयटीआयच्या ग्रुपवर दर भरतीला फिरतो. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. अप्रेंटिसची निवड बहुतेकदा लेखी परीक्षेविना, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते. पण ती निवड प्रशिक्षणाची, नोकरीची नव्हे.

अप्रेंटिस कायदा 1961 चा. कलम 18 सांगतं की शिकाऊ उमेदवार कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. म्हणून हातात पडतो तो स्टायपेंड, पगार नाही. कलम 22 प्रमाणे पुढे कामावर घ्यायचं का, याचं धोरण मालकाने ठरवायचं.

मग वर्ष फुकट? मुळीच नाही. लेव्हल 1 च्या, म्हणजे रेल्वेतल्या सगळ्यात खालच्या वेतनस्तराच्या (पूर्वीच्या ग्रुप डीच्या) थेट भरतीत 20 टक्के जागा कोर्स पूर्ण केलेल्या अप्रेंटिससाठी असतात. त्यासाठी वर्षाअखेरची ट्रेड परीक्षा पास होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हवं. जिथे काम शिकलात त्या शेडचा नुसता दाखला चालत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात. शिवाय संगणकावरची परीक्षा आणि मेडिकल चुकत नाही.

खात्री करायची तर मूळ जाहिरातीची पीडीएफ उघडा आणि ‘नोकरीचा हक्क नाही’ अशा अर्थाची अट शोधा. बहुधा ती शेवटच्या पानांवरच्या सर्वसाधारण सूचनांत असते. कुणी ‘कायम करून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर हीच अट त्याला दाखवा.