शिडाच्या जुन्या नौकेतले लाकूड कोणत्या पाण्याने कुजते?

१९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात पिअर्सन ट्रायटन ही सुमारे २८ फुटांची शिडाची नौका मांडली गेली आणि त्यानंतर अमेरिकेत फायबरग्लासच्या नौका मोठ्या संख्येने बनू लागल्या. त्या पिढीतल्या कित्येक नौकांचे बाहेरचे कवच आजही धडधाकट आहे, कारण फायबरग्लास कुजत नाही. कुजते ते आतले लाकूड: प्लायवूडच्या आडभिंती, बाकांचे तळ, फडताळे.

हे लाकूड समुद्राच्या पाण्याने खराब होते असा अनेकांचा समज असतो, पण खरा अपराधी बहुधा पाऊस असतो. लाकूड कुजणे म्हणजे बुरशीने ते खाणे, आणि खारे पाणी या बुरशीला मानवत नाही. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ती वाढू शकत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास पोचला, म्हणजे पेशींच्या भिंती पाण्याने भरल्या, की तिला रान मोकळे मिळते. तपकिरी कुज पसरवणारी बुरशी लाकडाला चिवटपणा देणारे तंतू, म्हणजे सेल्युलोज, संपवते आणि त्यांना बांधून ठेवणारे लिग्निन मागे ठेवते, म्हणून लाकूड काळपट होऊन चौकोनी तुकड्यांत भेगाळते. मात्र भेगा दिसण्याच्या कितीतरी आधी, वजन दहा टक्केही घटलेले नसताना, लाकडाची चिवटता निम्म्याहून कमी झालेली असू शकते.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा डेकमधून खाली उतरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना, म्हणजे चेनप्लेटना, जोडलेल्या असतात, आणि अनेक नौकांत या पट्ट्या थेट आडभिंतीला बोल्टने कसलेल्या असतात. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी पट्टी किंचित हलते, तिच्याभोवतीचे सीलंट सुटते, आणि पावसाचे पाणी धातूवरून ओघळत प्लायवूडच्या कडेपर्यंत पोचते. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या कापलेल्या कडेवर उघड्या पडलेल्या असतात, त्यामुळे तिथून लाकूड पाणी अक्षरशः पिते. दर्शनी बाजूला सागाचा पातळ पापुद्रा असेल तर तो शाबूत राहतो आणि आतला भुसा झाकतो. सागाची ही टिकाऊ वृत्ती मुंबईच्या जहाजबांधणीला चांगली ठाऊक होती. १८१७ साली वाडिया या जहाजबांधणी करणाऱ्या पारशी घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे.

कुजलेल्या आडभिंतीत पातळ इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारे चिकट रेझिन, मुरवून भागवण्याचा मोह मोठा असतो. मला तो धोक्याचा वाटतो, कारण ही भिंत डोलकाठीचा ताण पेलते आणि कवचाला पिळवटू देत नाही. तारा सैल करून आणि डेकला खालून टेकू देऊनच ही भिंत कापावी, आणि टोच्या जिथे सहज रुततो त्याच्या बऱ्याच पुढे, निरोगी लाकडापर्यंत जावे, कारण बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या पुढे पोचलेले असतात. भिंत काढल्यावर कवचाची वक्र रेषा लाकडाच्या बारीक पट्ट्या एकमेकींना चिकटवून उतरवून घेता येते. नवा फळा नौकेच्या दारातून आत जात नसेल, तर तो दोन भागांत कापून आत जोडावा लागतो.

बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाच्या दर्जाच्या मरीन प्लायवूडचा गोंद पाण्याला दाद देत नाही आणि त्याच्या थरांमध्ये पोकळ्या नसतात, पण म्हणून त्यातले लाकूडही कुजत नाही असे नाही. नौकांच्या प्लायवूडसाठी सर्रास वापरले जाणारे ओकूमे हे लाकूड बुरशीपुढे अगदीच दुबळे आहे. म्हणून फळा पूर्ण वाळलेला असतानाच त्याच्या सगळ्या कडांना इपॉक्सी पाजावे लागते. फळा कवचाला थेट टेकवला तर तेवढ्याच रेषेवर ताण एकवटतो. त्यामुळे मध्ये फोमची पट्टी ठेवून, कोपरा पूड मिसळून दाट केलेल्या इपॉक्सीने गोलसर भरून, त्यावर काचेच्या कापडाचे थर दोन्ही बाजूंनी चढवतात. जुन्या नौकांत या कामासाठी पॉलिएस्टर रेझिन वापरलेले असे, आणि लाकडाला ते इपॉक्सीइतके घट्ट धरत नाही.

शेवटचे काम बोल्टच्या भोकांचे. प्रत्येक भोक आधी मोठे पाडून दाट इपॉक्सीने भरायचे आणि ते वाळल्यावर त्यातूनच योग्य मापाचे भोक पाडायचे, म्हणजे बोल्टला लाकूड शिवतच नाही. मग डेकवर नव्या सीलंटने पट्टी बसवून वरून बराच वेळ पाण्याची नळी सोडावी आणि आत कोणी टॉर्च घेऊन त्या पट्टीकडे पाहत बसावे.